मागे स्प्रिंग नसलेली सायकल

नाना,

तुमच्याशी मी जन्मात कधी पुस्तकी मराठीत बोलले नाही, पण वीस वर्षं शहाद्याच्या शाळेत शिकवून हात असाच वळलाय, तेव्हा चालवून घ्या. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी लिहायला बसलेय ती सायकलीबद्दल. सायकल माझी आहे, शर्यतीची आहे, आणि मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. आता हसून घ्या, मी थांबते.

आपल्या रनाळ्यात कुणालाही बैल घ्यायचा असला की तुम्हाला न्यायला गाडी दारात उभी राहायची. तुमची नजर सगळ्या तालुक्याला माहीत. मला, तुमच्या लेकीला, मात्र तुम्ही एकदाच बैलबाजारात नेलंत, मी दहा वर्षांची असताना. अजून दिसतं मला. तुम्ही बैलाच्या मागे उकिडवे बसला आहात, खूर उचलून बघताय, खांदा दाबताय, शेपटी पिळताय. मग एकदम माझ्याकडे वळून विचारता, ‘तुले कोन्हता पटस?’ मी पांढऱ्याशुभ्र, बारीक पायांच्या, नाचऱ्या खोंडाकडे बोट दाखवते. तुम्ही दहा माणसांसमोर म्हणता, ‘तू रंग देखी ऱ्हायनी? गाडं ओढानं शे त्याले, वरातमा मिरावानं नही!’ माणसं हसली. तुम्ही शेजारचा करडा, दणकट, झोपाळू चेहऱ्याचा घेतलात. तो बारा वर्षं कामाला आला, म्हणजे तुमचंच बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तेव्हापासून मी काही निवडलं म्हणून नाही. कॉलेज तुम्ही निवडलंत, डी.एड. दादाने, लग्नातल्या साड्या आत्याने. नवराही तुम्हीच पाहिलात. त्याबद्दल तक्रार नाही, खूर-खांदा नीट बघून घेतला असणार. फ्रिज यांनी निवडला. हॉटेलात गेले तरी मी ‘तुम्ही घ्याल तेच’ म्हणते आणि समोर आलेलं मुकाट्याने खाते. पण दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या बायकांबरोबर सकाळी सायकल चालवायला लागले आणि प्रकाशा गावाच्या रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकायला लागले. मग तोरणमाळच्या पायथ्याला डोंगरवाटांवरची सायकल शर्यत होणार असल्याचं कळलं. नाव दिलं. घरी सांगितलं की सायकल मी निवडणार. हे म्हणाले, ‘निवड की, तुला कोण अडवतंय?’ आणि माझ्या लक्षात आलं की खरंच कुणी अडवत नव्हतं. याचं मला इतकं वाईट वाटलं नाना, की मी स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना डबे घासले.

मग चार महिने अभ्यास केला. माझ्या मुलांनी दहावीला केला नसेल इतका. डोंगरातल्या सायकली दोन जातीच्या. एकीला पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, दगडधोंड्यांतून उतरताना गादीवर बसल्यासारखं. दुसरीला फक्त पुढे. मागे काही नाही, नुसता कडक सांगाडा. तिला हार्डटेल म्हणतात. ती हाडं खिळखिळी करते, पण वजनाला हलकी, आणि चढावर पायाचा जोर मागच्या स्प्रिंगमध्ये जिरत नाही, सरळ चाकाला जातो. आमच्या शर्यतीत चढच चढ. सांगाडा कार्बनचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, चाकं किती मोठी, पुढे दातेरी चक्र एक की दोन, सगळं वहीत लिहिलं. तीनशे ग्रॅम वाचावेत म्हणून मी रात्रीचं जेवण विसरले आहे.

एवढं करून मी चूक काय केली? नाशिकला दुकानात जाताना दादाला बरोबर घेतलं. तुमची नजर त्याच्याकडे आली असं सगळं गाव म्हणतं, आणि ऐन वेळी माझा धीर सुटला. दादा दुकानात शिरला आणि माझ्या साडेअकरा किलोच्या हार्डटेलच्या मागे उकिडवा बसला. मागचं चाक उचलून पाहिलं, सीट दाबली, पायडल गोल फिरवलं. दुकानदाराला म्हणाला, ‘जरा चालाडी दखाडा.’ दुकानदार बिचारा काचेच्या दुकानात सायकल हाताने चालवत दोन फेऱ्या मारून आला. दादाने त्याला मागूनही बघितलं.

‘मांगे स्प्रिंग नही. हाई अर्धीच शे.’

दुकानदाराने वजनाचं, चढाचं सगळं समजावलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मंग पुढलंबी काढी टाका. आखो हलकी व्हई.’ आणि बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या दोन्हीकडे शॉकअपवाल्या, दणकट, चौदा किलोच्या धुडाकडे. ‘हाई ले. पाय देख तिना!’ मी दहा वर्षांची झाले. आणि मग कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हटलं, ‘नही. माले हाईच पटस.’ नाना, त्या क्षणी मला तुम्ही हवे होतात. भांडायला नाही. नुसते बघायला.

सराव शेतातल्या वाटांवर करायचा म्हणून शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सायकल रनाळ्याला दादाकडे ठेवली. शनिवारी घ्यायला गेले तर दादा हसत अंगणात उभा. बहिणीला भेट म्हणून त्याने गावातल्या सायकलवाल्याकडून कॅरिअर, मडगार्ड, घंटी आणि लोखंडी स्टँड बसवून घेतला होता. ‘नागडीच व्हती बिचारी,’ तो म्हणाला. ‘मांगे कोणले बसाडशी? उभी कशी ऱ्हाई?’ डोळ्यांत इतका आनंद की ओरडताही येईना. घरी येऊन पाना घेतला. कॅरिअर निघालं, मडगार्ड निघालं, घंटी निघाली. स्टँडच्या नटाचे आटे बसले होते, तो काही हलला नाही. माझे जिवापाड वाचवलेले ग्रॅम त्या स्टँडने एका घासात खाल्ले.

शर्यतीच्या सकाळी सडपातळ पोरापोरींच्या महागड्या सायकली धुळीत आडव्या पडलेल्या, आणि सगळ्या माळावर एकच सायकल ऐटीत स्टँडवर उभी. लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. चढाला मात्र तिने माझी लाज राखली, नाना. पाय टाकला की ती पुढे सरकायची, जराही आळस नाही. उताराला माझे दात वाजले, स्टँड वाजला, कंबर अजून दुखतेय. चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात आम्ही चौघी होतो. मी तिसरी आले. म्हणजे पदक मिळालं.

पदक घालून उभी असताना पहिल्या आलेल्या बाई जवळ आल्या. त्यांनी सायकल एका हाताने उचलून बघितली, स्टँडकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि म्हणाल्या, ‘अगदी अचूक घेतलीत हो. निवडली कुणी?’

शर्यत बघायला आलेला दादा शेजारीच उभा होता. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘भावाने. त्याची नजर आहे.’

दादाने मान डोलावली. त्याला ते खरंही वाटलं. परतीच्या वाटेवर त्याने ते जीपमधल्या सगळ्यांना सांगितलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. चार दिवस स्वतःवर चिडले, म्हणून हे लिहायला घेतलं. म्हटलं, एका माणसाला तरी खरं कळू दे. मग वाटलं, पत्र दादालाच वाचायला द्यावं, म्हणजे विषय मिटेल. मघाशी तो येऊन गेला. पत्र समोर टेबलावर होतं. ‘काय लिखी ऱ्हायनी?’ त्याने विचारलं.

मी पत्रावर वही ठेवली आणि म्हटलं, शाळेचं काहीतरी.