गोठा आधी पाहावा

बूढापारा, रायपूर

प्रिय शर्मिष्ठा,

दिवाळीला फोनवर तू एक गोष्ट विचारलीस आणि मी "बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला. त्याला दोन महिने होत आले. तू पुन्हा विचारलं नाहीस. बापाला वेळ देणारी पोरगी आहेस, देव तुझं भलं करो.

मी रिकामा बसलो नव्हतो. नवा रायपूरला ऑफिसला जाता-येता बसमध्ये मोबाइलवर तुझं अमेरिकेतलं व्हरमाँट वाचतो आहे. अख्ख्या राज्यात साडेसहा लाख माणसं, आपल्या रायपूरच्या निम्मीही नाहीत! राजधानीत आठ हजार. एवढी तर धनतेरसला गोल बाजारात भांडी घ्यायला येतात. झेंड्यावर गाय आहे हे वाचलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या शुक्लाजींना वाटलं मंदिर आलं, त्यांनीही जोडले.

राज्याचं फूल कोणतं, तर तांबडं क्लोव्हर. म्हणजे आपल्या बरसीमचं भावंड, गुरांचा चारा! गायीच्या तोंडचा घास जे फूल म्हणून मिरवतात, ते लोक मला एकदम गाववाले वाटले. दूध आणि मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक यांवर तिथली कितीतरी खेडी जगतात. चाळीस बादल्या रस आटवावा, तेव्हा एक बादली पाक. एवढा धीर असलेली माणसं वाईट कशी असतील? तू पाठवलेली त्या पाकाची बाटली आईनं रागानं कपाटात ठेवली होती. परवा मी ती काढून देवापुढे ठेवली, मग पोळीवर घेतली. आई म्हणाली, "काकवीच तं आहे, एवढं काय कौतुक करून राहिले?" आणि दुसरी पोळी वाढून घेतली.

तिचं एकच पालुपद, "पोट्टीनं पोराचं विचारलं, तुम्ही राज्याचं काहून वाचून राहिले?" तुझे आजोबा गुलाबराव तुझ्या आत्यांसाठी स्थळ पाहायला जात, तेव्हा मुलाशी आधी बोलत नसत. थेट गोठ्यात जात. गुरांच्या पाठीवरून हात फिरवत, गव्हाणीत डोकावत. मनाला पटलं तरच त्या घरचं पाणी पीत. तोच त्यांचा होकार. मला तिकडे येणं जमलं नाही, म्हणून इथूनच गोठा पाहिला. तू त्या पोराच्या गोठ्याचा फोटो पाठवलास, त्यात गायींच्या पाठी स्वच्छ आहेत, गव्हाणी भरलेल्या आहेत. मधे उभ्या असलेल्या एथनकडे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याचा हात गायीच्या मानेवर आहे. त्याला सांग, शर्मिष्ठाचे बाबा पाणी प्यायले.

तुझेच,
बाबा