माझा सात्त्विक संताप

१२ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून चिडायचं नाही. तसा मी चिडत नाहीच. आयुष्यभर आमच्या वाल्येवो शहराच्या रेडिओवर बातम्या वाचल्या, शब्द तोलून वापरायची सवय आहे. पण काल मिरच्या भाजताना बायको, कोविल्का, म्हणाली, झाला तुझा थयथयाट सुरू. थयथयाट पोरं करतात, दुकानासमोर, चॉकलेटसाठी. मी फक्त परात खाली ठेवली, जरा जोरात. फार तर आदळआपट म्हणा. तीही एकाच परातीची.

१५ ऑक्टोबर
ठराव टिकलाय.
मित्रोव्दानचा सण जवळ आला. आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, आमची स्लावा. कोविल्का म्हणते, रास्तकोला फोन कर. स्वतःच्या मुलाला? स्लावाला कुणालाच बोलवायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचं तो येतो. आजोबांनी कधी कुणाला बोलावलं नाही, आणि घरात पाय ठेवायला जागा नसायची. ती म्हणाली, बोलवायला नाही रे, माफी मागायला कर. कसली माफी, असं विचारलं तर ताट उचलून आत गेली. याला म्हणतात फणकारा. तिला सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर
मागच्या स्लावाचं एकदा नीट लिहून टाकतो. सून तियाना म्हणाली, बाबा, तुम्ही बसा, मी वाढते. स्लावाला यजमान दिवसभर बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिला ते समजावून सांगितलं. आवाज चढला, पण माझा आवाज रेडिओचा. ती रडायला लागली. रास्तकोने कोट चढवला आणि म्हणाला, बाबा, दरवर्षी पाहुण्यांसमोर हे आकांडतांडव. मग मी स्लावाच्या पावाचा चौथा हिस्सा तोडून त्याच्या हातात कोंबला. म्हटलं, घे, आणि जा तुझ्या घरी. हा झाला त्रागा. त्राग्यात माणूस स्वतःचंच काहीतरी घालवतो, दुसऱ्याचं काही बिघडत नाही.
तेव्हापासून तो आलेला नाही. उन्हाळ्यात त्याला मुलगी झाली. फोटो कोविल्काच्या फोनवर बघितला. कान माझे आहेत.

१ नोव्हेंबर
पक्कं ठरवलं. रास्तको दारात आला की एक शब्द बोलायचा नाही, सरळ नातीला उचलून घ्यायचं. आरशासमोर सराव केला. हसू जरा सरकारी येतंय.

५ नोव्हेंबर
फोन हातात घेतला होता. अर्धा नंबर लावला. मग म्हटलं, घराण्याची रीत मीच कशाला मोडू?
खाटकाने डुक्कर लहान दिलं. चाळीस माणसं जेवतात माझ्याकडे, असं त्याला सुनावलं. तो म्हणाला, आजोबा, दमानं घ्या. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. सात्त्विक संताप, दुसरं काही नाही. शेवटी मोठं दिलं.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
झिवोरादचा फोन. माझ्या लग्नातला साक्षीदार, भावापेक्षा जवळचा. म्हणाला, उद्या जमलं तर पाच मिनिटं डोकावतो, आधी रास्तकोकडे जायचंय. रास्तकोकडे काय? तो म्हणाला, अरे, स्लावा नाही का त्याच्याकडे? तूच तर चौथा हिस्सा दिलास, आम्ही सगळे समोर होतो.
बाप जिवंतपणी मुलाला तो हिस्सा एकाच कारणासाठी देतो. आता तू वेगळा, तुझी स्लावाची मेणबत्ती तुझ्या घरी लाव. मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या बापाने मला दिला तेव्हा तो रडला होता. मी दिला तेव्हा माझं लक्ष ओरडण्यात होतं.
फोन आपटला नाही. म्हणजे आपटला, पण झिवोरादने आधीच ठेवला होता.

८ नोव्हेंबर
सकाळपासून उभा. पाद्री आले, पाव कापला, घाईत गेले. त्यांना पुढे नदीपलीकडे जायचं होतं, रास्तकोकडे. दार उघडं, सगळी थंडी घरात. अकरा वाजता कोविल्का म्हणाली, मी नातीला बघून येते, तूही चल. म्हटलं, यजमान घर सोडत नाही. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने माझा कोट खुर्चीवर काढून ठेवला आणि गेली.
अंधार पडेपर्यंत उभा होतो. कुणी आलं नाही. झिवोरादही नाही.
मग दार आपटलं. प्रसादाच्या गव्हाचं भांडं भिंतीवर फेकलं. ओरडलो, बहुतेक रास्तकोचं नाव घेऊन. पाय आपटले, या वयात. हा थयथयाटच होता, दुसरा शब्द बसत नाही. पण तसं म्हणायला घरात कुणी नव्हतं.
आता गुडघ्यावर बसून गहू वेचतोय. म्हणजे शेवटी बसलोच.
पुढच्या वर्षी डुक्कर लहान सांगायचं.