तापमानाचा काटा चुकीचा आहे

४ मार्च
पुलाच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. उतारावर खाली आला. गाडी चौदा वर्षांची आहे, पण इंजिन शांत आहे. मीही शांत आहे. म्हणजे काटा चुकीचा.
हे मला कळणार नाही तर कुणाला? मोजमापाची उपकरणं तपासणं हीच माझी नोकरी. लॅबमध्ये दिवसभर खोटे काटे हाताखालून जातात. विचित्र आकडा दिसला की आधी मापक तपासायचा, मग वस्तू. घाबरायचं शेवटी, वेळ उरला तर.
ताईला शब्द दिला आहे, बाळंतपणाला मीच नेणार. भावोजी जहाजावर आहेत, पावसाळ्याआधी येत नाहीत. दादा परगावी. त्याने फोनवर विचारलं, त्या डब्यातून नेणार? त्यापेक्षा तिला चालू दे, लवकर पोचेल. मी फोन ठेवला.

९ मार्च
तापमानाचा सेन्सर नवा बसवला. काटा पुन्हा लाल. नवा सेन्सरही सदोष निघाला. हल्ली कशालाच दर्जा राहिलेला नाही.

१२ मार्च
गॅरेजवाल्या काकांनी थर्मोस्टॅट बदलला. त्याचे पैसे घेतले. काटा लालच. मग त्यांनी इंजिन ऑइलचं टोपण उघडलं, आतला दुधाळ फेस बोटावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, हेड गास्केट, म्हणजे इंजिनातलं सील, गेलं असेल, पाणी ऑइलमध्ये उतरत असेल. नसेलही. इंजिन उघडल्याशिवाय देवालाही सांगता यायचं नाही. मी खर्च विचारला. त्यांनी आधी मला बसायला स्टूल दिलं.
गाडीच्या निम्म्या किमतीएवढा. शिवाय पार्ट मिळेपर्यंत गाडी त्यांच्याकडे, म्हणजे ताईची तारीख उलटून जाणार. नाही म्हटलं. भीतीचा प्रश्न नाही, वेळापत्रकाचा आहे.
फेसाचं म्हणाल तर थंडीत टोपणाखाली दव धरतं. सध्या ऊन आहे, पण तत्त्व तेच.

१७ मार्च
शोध: हीटर पूर्ण चालू केला की काटा खाली येतो. वायरिंगमध्ये काहीतरी गुंता असावा. ताईला तपासणीला नेताना हीटर चालू, चारही काचा खाली. ताईने साडीच्या पदराने वारा घेत विचारलं, मला मूल जन्माला घालायचंय की भाजून काढायचंय? मग म्हणाली, गोडूस वास येतोय गं, सरबत सांडलंस का कुठे? परफ्यूम आहे म्हटलं. मी परफ्यूम लावत नाही हे तिला माहीत आहे.

१९ मार्च
रेडिएटरमधलं गोडूस वासाचं कूलंट पुन्हा कमी. जमिनीवर एक थेंब नाही. बाष्पीभवन. डिकीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. झोप नीट लागत नाही. उकाडा फार आहे.

२२ मार्च
लॅबमध्ये सदोष उपकरणावर लाल लेबल लावतात: ‘सदोष. वाचन ग्राह्य नाही.’ ते लागलं की त्या उपकरणाकडे कुणी बघायचं नाही, असा नियम. आज एक लेबल घरी आणलं आणि काट्यावर चिकटवलं. काटा पूर्ण झाकला गेला. लगेच बरं वाटलं.
पुलावर तळहात ओले झाले होते. स्टिअरिंगचं कव्हर बदलायला हवं.

२५ मार्च
डॉक्टरबाई म्हणाल्या, ताईचं बीपी चढतंय. कळा सुरू झाल्या की एक मिनिट घरी थांबू नका.
त्यांच्या मशीनवर माझा विश्वास नव्हता. लॅबमधून आमचं प्रमाणित मशीन आणून ताईचं बीपी मोजलं. जास्त. पुन्हा मोजलं. जास्त. दुसऱ्या दंडावर मोजलं. ताई म्हणाली, आता पायावर बांध.
मशीनवर लेबल नाही. मशीन बरोबर आहे.

२६ मार्च
ताई म्हणाली, त्या दिवशी सरळ टॅक्सी बोलावू, तू नुसती माझ्याजवळ बस. मी म्हटलं, अनोळखी माणसाची गाडी, तिचे ब्रेक कुणी तपासलेत? ती म्हणाली, तुझ्या गाडीचे कुणी तपासलेत? विषय बदलला.
संध्याकाळी ब्रेक तपासले. मऊ लागतात. आरामदायी आहेत.

३१ मार्च
दुपारी कळा सुरू झाल्या. टॅक्सी बोलावली नाही, मी शब्द दिला होता. पुलाच्या निम्म्या चढावर बॉनेटमधून पांढरी वाफ, मग ठक् असा आवाज, मग काहीच नाही. ताईने सीट घट्ट धरली होती. दातावर दात दाबून म्हणाली, आता तरी ते लेबल काढ. काढलं. काटा लाल पट्टीच्याही पलीकडे, जिथे आकडे संपतात तिथे टेकला होता.
मागून बंद गाड्या ओढून नेणारा ट्रक आला. ड्रायव्हरने खाली उतरून दोघींकडे, मग गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, आधी कुणाला उचलू? मी ताईकडे बोट दाखवलं. गाडी पुलावरच सोडली.
ट्रकच्या केबिनमध्ये ताई ड्रायव्हरला रस्ता सांगत होती आणि मला म्हणत होती, श्वास घे गं, लांब श्वास घे. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्यापैकी पेशंट कोण?

१ एप्रिल
मुलगी. दोघी ठीक. ताईचं बीपी उतरलं. नर्सने मोजलेलं मी तसंच मान्य केलं.
गॅरेजवाल्या काकांनी गाडी पुलावरून ओढून नेली होती, त्यांचा फोन. इंजिनाचं हेड वाकलंय. दुरुस्ती गाडीच्या किमतीहून जास्त. भंगारवाल्याचा नंबर देऊ का, असं फार हळू आवाजात विचारलं. द्या म्हटलं. माझी तब्येत उत्तम आहे.

४ एप्रिल
ताईला हॉस्पिटलमधून सोडलं. घरी जायला टॅक्सी. ताई हळूहळू पुढे बसली, बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी म्हटलं, तूच धर, मला अनुभव नाही. ती म्हणाली, मला तरी कुठे आहे? बाळाला दोन्ही हातांनी धरलं. वजन फारच कमी वाटतं, पण मोजलेलं बरोबर आहे.
बाळाची मान हलली. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, जरा हळू चालवा.
तो मागे वळून म्हणाला, मॅडम, गाडी अजून सुरू केलेली नाही.