कोमट पाण्यावरचे काप

३ जून
डोळ्यांच्या लॅबमध्ये लागलो. काचा धुवायच्या, पाणी तापवायचं. शाळा सोडली ते बरंच झालं. येता-जाता पोरांच्या दप्तरांना अडखळायचो आणि अख्खा वर्ग हसायचा. वाटेत दप्तरं ठेवायची त्यांनी आणि वेंधळा मी.
ठरलं: वर्षभरात टेक्निशियन व्हायचं. लोकांशी बोलायचं. आज नाही बोललो, पहिलाच दिवस होता.

९ जून
इथे दान केलेले डोळे येतात, माणूस गेल्यावर. ते मेणात बसवून मशीनवर कापतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. काप कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलायचा. मग रंगवून मायक्रोस्कोपखाली. कापणाऱ्या काकांना सगळे पातीकाका म्हणतात. मशीनच्या धारदार पातीला कुणाला हात लावू देत नाहीत. घरी भाजीही स्वतःच चिरत असतील.
मोठ्या मॅडम स्टुडंट्सना सांगत होत्या की जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या पडद्याचा तुकडा काढून बघता येत नाही, काढला की तेवढी नजर गेली. म्हणून हे काप. मी दाराआडून ऐकलं. म्हणजे माझं ट्रेनिंग सुरू.

१ जुलै
काकांनी काप उचलायला दिले! मधले सगळे मस्त उचलले. कडेचे तसेच राहिले. काका म्हणाले, ते काय पाहुणे आहेत का, आग्रह केल्याशिवाय उठायचे नाहीत? भांडं आतून काळं आहे, कुणालाही दिसले नसते. काकांना दिसले, पण त्यांना सवय आहे.
उद्यापासून मान फिरवत राहायचं.

१४ जुलै
स्टुलाला धडकलो. हातात ट्रे. एका बाईंच्या डोळ्याच्या सगळ्या स्लाइड्स फुटल्या. पडदा कडेपासून झिजत जातो, त्या आजाराच्या होत्या, पुन्हा मिळणं कठीण. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टूल दिसलं नाही का, विचारलं. मी म्हणालो, दिसलं होतं, पाय घसरला.
मग काकांनी मला समोर बघायला लावलं आणि विचारलं, कानाशी किती बोटं धरलीत? मी म्हणालो तीन. ते म्हणाले, अरे, मी हातच वर केलेला नाही.
चीटिंग आहे ही.

१९ जुलै
काकांनी ताईला फोन केला. ती रडली. मामाचं असंच सुरू झालं होतं म्हणे. मामाला आता हात धरून न्यावं लागतं. पण मामा गाजराला तोंड लावायचा नाही. मी आज तीन खाल्ली. पोट दुखतंय.

२२ जुलै
तपासणी. मोठ्या वाटीसारख्या मशीनमध्ये तोंड घालायचं, लाइट चमकला की बटण दाबायचं. मी डोकं चालवलं. दिसो न दिसो, ठेक्यात दाबत राहिलो. फुल मार्क्स.

२३ जुलै
मशीनला कळतं म्हणे. पुन्हा घेतली. ताई शेजारी बसून होती.
मधलं दिसतं, नळीतून बघावं तेवढं. तेही कमी होत जाणार. ताईने औषध विचारलं. मॅडम म्हणाल्या, सध्या नाही. सध्या म्हणाल्या, म्हणजे लवकरच.

३० जुलै
काचा, पाती, गरम पाणी, सगळं बंद. ताईला घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच गेलो. मला वाटलं, ऑफिसमधलं काहीतरी काम देतील.
मॅडम म्हणाल्या की या आजाराचे डोळे त्यांना फार क्वचित मिळतात. कुठला थर आधी मरतो, ते कापूनच कळतं आणि ते कळल्याशिवाय औषध शोधायचं कुठे? म्हणाल्या, तुझी रिसर्चला खूप मदत होईल, पण घाई नाही, नाही म्हणालास तरी चालेल.
काढलं नव्हतं मला! जन्मात पहिल्यांदा न अडखळता विचारलं, "मग मी कधीपासून येऊ?"
ताईने माझा हात घट्ट धरला.
मॅडम म्हणाल्या, "तू नाही रे यायचं. तुझे डोळे. खूप वर्षांनी, तुझ्यानंतर."
मी हो म्हणालो. ताई उठून बाहेर गेली.
दार कुठल्या बाजूला आहे, ते मात्र मला विचारावं लागलं.