शांतारामचे चार लूम

१४ एप्रिल १९९६
साडीछपाईचं टेबल बंद होऊन दोन महिने. पलसाण्याला छपाईचं मशीन आलं आणि हाताने साड्या छापणारे आम्ही सगळे एका सकाळी रिकामे. आज मेहुणा आला होता, कमलचा भाऊ शांताराम. अक्षय्य तृतीयेला गावी निघालाय. म्हणाला, "दाजी, मी अखाजी करीसन येस. तवलोंग मन्हा चार लूमवर तुम्ही उभा रहा."
सुरतेतली पहिली पाच वर्षं लूमवरच, यंत्रमागावरच काढली होती. हो म्हणालो. बदलीवाल्याने जागा राखायची, बळकवायची नाही. सोयऱ्यांत हे बोलावंही लागत नाही.

१७ एप्रिल
कतारगामचा कारखाना. कान बधिर, पण बोटं विसरली नाहीत. धाग्याची तुटलेली तार बरोबर सापडते.
मंगलची अकरावीची परीक्षा. मोठ्याने पाठ करते : हंगामी बेकारी, रचनात्मक बेकारी, छुपी बेकारी. मला म्हणते, "अप्पा, तुमची रचनात्मक. यंत्र आलं, कसब गेलं." हसलो. झोंबलंच पण.

२१ एप्रिल
काल अखाजी. अर्धा कारखाना खानदेशात. शेजारच्या चार लूमचा कारीगर कायमचा गावी गेला, ते बंद. शेठ म्हणाला, "आठ चलावीश?" त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणालो.
का? पैशासाठी नाही. दोन महिन्यांत कोणी मला काही विचारलंच नव्हतं. मिरवायचं होतं, खोटं कशाला लिहू.

२६ एप्रिल
आठ जमले. दुपारपर्यंत पाणी प्यायचं नाही, म्हणजे लूम सोडून जावं लागत नाही. दोन माणसं असताना उतरायचे तितकेच कापडाचे ताके उतरतात. शेठने इतर कारीगरांना बोलावून मला दाखवलं. छाती फुगली, आणि घरी कमलला सांगितलंही.

३ मे
शांताराम सकाळी थेट कारखान्यात आला. हातात डबा, माझ्यासाठी सांजोऱ्या.
शेठ म्हणाला, "एक जण आठ चलावे छे, तो बीजो शा माटे?" दुसरा कशाला, म्हणे. शां. म्हणाला, "माले चारच जमतस, शेठ." मग माझ्याकडे बघितलं. मी तार जोडत होतो. तुटलेली नव्हती.
डबा तिथेच ठेवून गेला.
संध्याकाळी मंगलचं पुस्तक मीच काढलं. एक माणूस कमी केला तरी उत्पादन घटत नाही, ती छुपी बेकारी. उदाहरण शेतीचं दिलंय. शांताराम असला बेकार नव्हता. बारा दिवसांत मी त्याला तसा…

४ मे
कमलने ताट वाढलं. म्हणाली, "हाऊ मन्हा भाऊना घास शे." जेवलो. लाज वाटते की जेवलो.

५ मे
शेठला सांगितलं, चारच चालवीन, चार शांतारामचे त्याला द्या. रात्रभर जुळवलेलं वाक्य. तो हिशेबातून मान वर न करता म्हणाला, "तो तुं पण जा. आठवाळो मळी जशे." तूही जा, आठ चालवणारा मिळेल.
बाहेर पडलो. गेटपर्यंत गेलो. परत येऊन आठही चालू केले. एवढीच माझी मर्दुमकी.
म्हणजे मी सोडले तरी त्याला मिळत नाहीत. हे कमलला सांगितलं तर सबब वाटेल. सबबच आहे थोडी.

६ मे, ७ मे
काही लिहिण्यासारखं नाही. आठ.

९ मे
शां. आला. चार दिवस सुरतेबाहेर सचिन गावच्या कारखान्यांत काम शोधत फिरतोय. अंगणातच उभा राहिला, कमलने ओढून आत आणलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाला, सचिनला सगळीकडे एकच विचारतात, आठ येतात का. अखाजीतली बातमी तिथवर गेलीय. एका कारखान्यात म्हणाले, आठ शिकून ये, जागा देतो. मग खाली बघत : "दाजी, आठ लूम कसा चालाडतस, माले शिकाडा."
मी म्हणालो, सकाळी सातला ये, माझ्या मागे उभा राहा.
सचिनच्या त्या कारखान्यात आत्ता कोणीतरी चार लूम चालवतोच आहे. त्याचं नाव शां.ने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.