नारातली बाकं

सांता क्लारा,
२२ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा,

नमस्कार. गुडघ्यांना तेल लावणं चालू आहे ना? मी बरी आहे. फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणून विषय बदलता, म्हणून या वेळी लिहितेय.

एप्रिलमध्ये जपानात होणाऱ्या आमच्या कॉन्फरन्सला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नारा शहराची ओळख लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, हे बोलले होतेच. मी स्वतः जपानात पाऊल टाकलेलं नाही, त्यामुळे हा तसा आगाऊपणाच. आठव्या शतकातली राजधानी, भल्यामोठ्या लाकडी देवळात बसलेला बुद्ध, हातातला नकाशाही खाणारी मोकाट हरणं, हे सगळं अर्ध्या पानात उरकलं. पुढची चार पानं वेगळीच झाली. कुठल्या चढावर दम लागेल, कुठे बाक आहे, स्वच्छतागृह किती लांब. भाज्यांच्या सूपमध्येही माशाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या.

माझ्या टीममधल्या ऋषीनं ते वाचलं. “यार वल्लरी, अटेंडीज सगळे तिशीतले आहेत. एवढी बाकं कशाला मार्क केलीस? रिटायर्ड लोकांची ट्रिप वाटतेय.”

मी म्हटलं, “असू दे.”

ती पानं तुमच्यासाठीच लिहिली होती. अमेरिकेचा व्हिसा तुम्हाला दोनदा नाकारल्यावर आपण ठरवलं, भेटून पाच वर्षं झाली, आता मधल्या वाटेवर नारातच भेटू.

बाबा, मी येत नाहीये.

माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय. इथे राहून नोकरी करायला त्याची अडचण नाही. पण या देशाबाहेर पडले, तर नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येणार नाही, आणि त्यासाठी वकिलातीत मुलाखतीची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. उत्साहाच्या भरात तुमची तिकिटं आधी काढली आणि हे नंतर तपासलं. इतरांना शहाणपण शिकवणारी मी.

आणखी एक. कंपनीच्या वकिलांनी जाऊ नका असं सांगितलेलं नाही. धोका आहे, ठरवा, एवढंच म्हणाले. मी नोकरी निवडली. जानेवारीतच. त्यानंतर तुम्ही नवे बूट घेतलेत, व्हिडिओवर दाखवलेत, आणि मी ‘छान आहेत’ म्हणाले. त्याची मला फार लाज वाटते.

मोरेश्वरकाका तुमच्यासोबत येणारच आहेत, तेव्हा तुम्ही दोघं जाऊन या. हे सांगायचा मला हक्क नाही, तरी सांगते. ती चार पानं सोबत जोडली आहेत, मराठीत करून, मोठ्या अक्षरात.

कॉन्फरन्समधला माझा पेपर माझ्याऐवजी ऋषी वाचणार आहे. तशी सोय होते. तुम्हाला भेटायला माझ्याऐवजी कुणाला पाठवू?

रागवा, पण माझा फोन घ्या.

पाच वर्षं ‘येते’ म्हणणारी,
तुमची वल्लरी