नावाआधीचा शब्द

केटा, ४ नोव्हेंबर १९९१

ती. मोठ्या भावोजींना एन्योनामचा नमस्कार, वि. वि.

निरोपांवर निरोप पाठवले, एकाचंही उत्तर नाही. तिकडे आबिजानला शाई मिळत नाही का? तुम्ही बोलत नाही म्हणून इथे छापखान्यातला फोली बोलायला लागलाय. आपल्या यायराच्या लग्नपत्रिकेचा नमुना काढला त्याने, तर त्यात ‘दिवंगत आगबेको यांची कन्या’. मी विचारलं, माझा नवरा मेला हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणतो, वहिनी, माझ्याकडे सगळी मयताचीच कामं, तो शब्द जुळवलेलाच पडलेला असतो, हात आपसूक गेला. आणि तुमच्या तिकडून निघालेली त्यांची होडी सात वर्षं परत आली नाही म्हणजे, असं काही पुढे म्हणत होता. मी बोलू दिलं नाही.

पोरीने त्या शब्दावर अंगठा ठेवून ओळ वाचली. मग अंगठा काढून वाचली.

शब्द ठेवला तर गाव विचारणार, मयत कधी केलंत, आम्हाला कसं कळलं नाही? शब्द काढला तर व्याही म्हणतात, मग रीतीप्रमाणे मुलीच्या बापाने उभं राहून आमच्या हातची दारू घ्यावी. घरात थोरले तुम्ही. तुम्ही सांगितल्याशिवाय आपल्याकडे माणूस मेलेला होत नाही. तेव्हा सांगा.

अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

एन्योनाम

आबिजान, १३ नोव्हेंबर

एन्योनामला आशीर्वाद, यायराला त्याहून जास्त.

अक्षर वाकडं असलं तरी तुझं बोलणं सरळ छातीत शिरतं. तो शब्द काढायला सांग. परमुलखात मेलेल्याचे केस आणि नखं घरी आणून पुरतो आपण. मी काय आणू? समुद्राने माझ्या भावाचं एक नखही मला दिलं नाही. शिवाय लिब्रव्हिलहून आलेले खलाशी सांगतात, तिथल्या धक्क्यावर त्याच्यासारखाच डावा खांदा पाडून चालणारा एकजण आहे. आगबेकोचं वल्हं मी अजून कोणाच्या हाती दिलेलं नाही.

नुसतं नाव छापा. व्याह्यांची दारू घ्यायला मी आलो असतो, पण गावात उतरलो की बायका पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघतील, काय आणलं म्हणून.

आठवण काढत जा, रागावून का होईना.

दोत्से

केटा, २१ नोव्हेंबर

ती. भावोजींना नमस्कार.

तो खांदा पाडून चालणारा मला पाठ झालाय. मागे तो सान पेद्रोला होता, त्याआधी लोमेला. यायराचं लग्न आहे हे कळल्यावर तो पोहत आला असता.

मी रोज माशाचं डोकं त्याच्यासाठी काढून ठेवते आणि मांजर लठ्ठ होत चाललंय. मला शोकाचं काळं नेसता येत नाही. रडले तर तुमच्या मावश्या म्हणतात, जित्या माणसाला रडतेस, अवदसा. पोर सासरी जायच्या आधी मला एकदा पोटभर रडायचंय, भावोजी.

फोलीला म्हटलं, शब्द राहू दे. तर तो विचारतो, थोरल्यांचा होकार आहे का? म्हणून लिहिते. आणायला काही नाही म्हणता ना, मग स्वतःचे केस कापा, स्वतःची नखं काढा. तुम्ही दोघं एका पोटचे. तेच आपण त्याचं म्हणून पुरू. बायकांना बघू दे तुमच्या हातांकडे. मग तुम्हीच उभं राहून दारू घ्या. यायराला विचारलं, तर म्हणाली, काकांचे केस आता पांढरे असतील, बाबांचे काळे होते. मी म्हटलं, त्याचेही झाले असते.

शनिवारी, तीस तारखेला फोली पत्रिका मशीनवर चढवणार. शुक्रवारच्या संध्याकाळच्या लॉरीने तुमचं हो की नाही ते हातात पडलं पाहिजे. लॉरीतून तुम्हीच उतरणार असाल, तर पत्र नको.

एन्योनाम